बटर पिवळं का असतं आणि निळी गोळी बनवणं इतकं अवघड का: पाकीटबंद खाण्यातले वनस्पतींचे रंग

घरी म्हशीच्या दुधाची साय विरजून लोणी काढलं की ते पांढरंशुभ्र येतं आणि दुकानातलं बटर मात्र बारा महिने पिवळं, तेसुद्धा प्रत्येक वेळी अगदी त्याच शेडचं. बऱ्याच जणांना वाटतं की ते गाईच्या दुधाचं असेल म्हणून. थोडं खरंय. गाय जो हिरवा चारा खाते त्यातलं कॅरोटीन थोडंसं तसंच दुधाच्या फॅटमध्ये उतरतं म्हणून गाईचं लोणी-तूप पिवळसर दिसतं, म्हैस मात्र ते जवळपास सगळं व्हिटॅमिन ए मध्ये बदलून टाकते आणि व्हिटॅमिन ए ला डोळ्यांना दिसेल असा रंग नसतो. आता डेअरीत येणारं दूध बऱ्याचदा दोन्हीचं, त्यात पावसाळ्यात हिरवा चारा आणि उन्हाळ्यात कडबा, म्हणजे नुसतं दुधावर सोडलं तर बटरचा रंग दर दोन महिन्यांनी बदलेल. आणि तसा बदललेला आपल्याला चालत नाही, आपण लगेच म्हणणार यात काहीतरी गडबड आहे. म्हणून बटरचं पाकीट उलटं करून बघा, मिठाच्या पुढे ‘परमिटेड नॅचरल कलर’ असं छापलेलं असतं आणि त्याच्यापुढे अनाटो, किंवा नुसता नंबर, १६०बी.

या १६०बी पासूनच सुरुवात करूया कारण एवढ्या एका रंगात बाकी सगळ्यांचं थोडं थोडं समजतं.

अनाटो म्हणजे बिक्सा ओरेलाना नावाच्या झाडाच्या बियांचा रंग. झाड मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं, तिथले आदिवासी लोक हा रंग अंगाला लावायचे आणि स्वयंपाकातही घालायचे, अजून घालतात. आपल्याकडे त्याला शेंदरी किंवा सिंदूरी म्हणतात आणि बागांमध्ये शोभेला लावलेलं दिसतं (शेंदरी याच नावाने आपल्याकडचं एक जंगली झाडही ओळखतात, ते वेगळं). बोंडं लाल, वरून मऊ काटेरी, फोडली की आत छोट्या बिया आणि बियांवर शेंदरासारखा थर, बोटाला लगेच लागतो. या थरात मुख्य रंग असतो बिक्सिन. तो तेलात विरघळतो पाण्यात नाही, त्यामुळे बिया गरम तेलात घुसळल्या की रंग तेलात उतरतो आणि ते तेल बटरसारख्या स्निग्ध पदार्थात सरळ मिसळतं. पण त्याच बिया अल्कलीच्या (म्हणजे सोड्यासारख्या, आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थाच्या) पाण्यात घातल्या तर बिक्सिनचं नॉरबिक्सिन होतं आणि ते पाण्यात विरघळतं, वर दुधातल्या प्रोटीनला चिकटून बसतं. चीजला नेमकं हेच पाहिजे असतं, कारण चीज बनवताना दूध फाटून त्याचं पाणी वेगळं होतं आणि रंग त्या पाण्याबरोबर वाहून जाऊन चालत नाही. तरी थोडा जातोच, म्हणून त्या पाण्यापासून पुढे व्हे पावडर करायची असली की कारखान्यांना आधी त्यातला हा रंग घालवावा लागतो.

इंग्लंडमध्ये चीजला रंग देण्याची पद्धत काही शतकं जुनी आहे. चांगल्या कुरणातल्या गाईंच्या दुधाचं चीज पिवळसर व्हायचं, ते बघून गिऱ्हाईक ‘हे मलईदार’ असं ओळखायचं, मग काही जण वरची मलई काढून तिचं बटर वेगळं विकायला लागले आणि राहिलेल्या फिक्या दुधाच्या चीजमध्ये केशर, झेंडूसारखी फुलं, गाजराचा रस असं काही काही घालायला लागले, नंतर अनाटो आला तो टिकला. म्हणजे खाण्यातला रंग पहिल्यापासून डोळ्यांसाठी आहे आणि तो नैसर्गिक असला तरी त्याने आपली दिशाभूल होऊ शकते, एवढं मनात ठेवून पुढे वाचा. आपल्याकडे बटरमध्ये अनाटो चालतो पण तुपात वरून रंग घालायला परवानगी नाही, आणि मला तो नियम अगदी योग्य वाटतो, कारण आपल्याकडे तूप रंगावरूनच पारखतात.

नंबर म्हणजे काय

लेबलवरच्या या नंबरांना आयएनएस नंबर म्हणतात, युरोपात तेच नंबर पुढे ई लावून लिहितात. १०० ते १९९ मधले बहुतेक नंबर रंगांचे. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, नियमांप्रमाणे पाकिटावर रंग नैसर्गिक आहे की सिंथेटिक की दोन्ही हे लिहावं लागतं आणि सोबत नाव किंवा नंबर द्यावा लागतो. १०० म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन, १४० क्लोरोफिल, १६०ए कॅरोटीन, १६०सी मिरचीचा रंग, १६०डी टोमॅटोतलं लायकोपीन, १६१बी झेंडूतलं ल्युटीन, १६२ बीट, १६३ अँथोसायनिन म्हणजे द्राक्षाची सालं, काळं गाजर, लाल कोबी यांचा जांभळा-लाल. याउलट १०२ टारट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पॉन्सो ४आर, १२७ एरिथ्रोसिन, १३३ ब्रिलियंट ब्लू हे सिंथेटिक, पेट्रोलियमपासून निघणाऱ्या केमिकल्समधून तयार होणारे. एवढे चौदा-पंधरा नंबर लक्षात राहिले तर दुकानातल्या बहुतेक पाकिटांचं काम होतं.

आता हे वनस्पतींचे रंग कंपनीत कसे पोचतात ते बघू, कारण ‘नैसर्गिक’ वाचलं की डोळ्यांसमोर येतं की कोणीतरी बीट किसून पिळतंय. बीटच्या बाबतीत ते फार लांबचं नाहीये, रस काढतात, गाळतात, आटवतात, पावडर करतात, बस. पण मिरचीचं बघा. कर्नाटकातली ब्याडगी मिरची, जी आपल्या घरच्या मसाल्यात रंगासाठी घालतात, तिखट कमी आणि लाल भरपूर, ती मोठ्या प्रमाणावर ओलिओरेझिन काढायला जाते. सुकवलेली मिरची दळतात, हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये (रंग विरघळवून घेणाऱ्या द्रवात) भिजवतात, रंग आणि तिखटपणा दोन्ही त्यात उतरतं, मग सॉल्व्हंट उडवून परत गोळा करतात आणि खाली उरतं ते घट्ट गडद लाल तेलकट ओलिओरेझिन. त्यातून तिखट भाग वेगळा केला की राहतो १६०सी, जो मसाला चिप्स आणि कुरकुरीत स्नॅक्सवर आपल्या बोटांना लागतो. सॉल्व्हंटचा अंश किती राहिलेला चालेल याची मर्यादा ठरलेली असते. केरळात कोचीच्या आसपास या ओलिओरेझिनचे मोठे कारखाने आहेत आणि तिथून माल जगभर जातो, म्हणजे परदेशातल्या एखाद्या सॉसमध्ये किंवा सॉसेजमध्ये ब्याडगीचा लाल असणं अगदी शक्य आहे.

यात वाईट काही नाही, पण मिरची आणि मिरचीतून काढलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. कर्क्युमिनचंही तसंच. हळदीत ते जेमतेम २ ते ५ टक्के असतं, सॉल्व्हंटने काढून, स्फटिक करून ९० टक्क्यांच्या वर शुद्ध करतात आणि पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याला इमल्सिफायरची, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या पदार्थाची, जोड देतात. तेव्हा पाकिटावर १०० नंबर बघून ‘अरे वा, हळद आहे, औषधी’ असं समजायचं कारण नाही. एखाद्या इन्स्टंट सूपमध्ये किंवा बिस्किटाच्या क्रीममध्ये ते इतकं कमी असतं की त्याने रंग येतो, बाकी काही होत नाही.

प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा

मला सगळ्यात इंटरेस्टिंग हा भाग वाटतो. सिंथेटिक रंग बऱ्यापैकी निमूट असतात, उकळा, आंबट करा, उन्हात ठेवा, फार कुरकुर नाही, थोडासा पुरतो आणि स्वस्त. वनस्पतींचे रंग झाडाने स्वतःच्या कामासाठी बनवलेले, ऊन झेलायला, किड्यांना बोलवायला, फळ पिकल्याचं पक्ष्यांना सांगायला. पाकिटात सहा महिने बसून राहण्यासाठी ते बनलेलेच नाहीत. म्हणून कुठला रंग कशात टिकेल हे ठरवणं हेच या धंद्यातलं खरं काम.

हळदीचं तर प्रत्येक घरात माहिती आहे. पांढऱ्या कपड्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, आणि तोच कपडा धुऊन कडक उन्हात घातला की डाग जातो. दोन्ही कर्क्युमिनचे गुण. अल्कली लागली की पिवळ्याचा लाल होतो, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच्यामुळेच, आणि उजेडात तो रेणू तुटतो म्हणून रंग उडतो. आता विचार करा की कंपनीने पारदर्शक बाटलीतल्या ड्रिंकला कर्क्युमिन घातलं, तर दुकानाच्या काचेजवळ ठेवलेल्या बाटल्या महिन्याभरात फिक्या. म्हणून ते अपारदर्शक पॅकमध्ये, कोरड्या मिक्समध्ये, आइस्क्रीममध्ये, लोणच्यात बरं. जिथे खायचा सोडा जास्त आहे अशा बेकरीच्या मालात शेड तांबूस होण्याची भीती.

बीटचा प्रॉब्लेम उष्णतेचा. बीटची कोशिंबीर कशी गडद गुलाबी दिसते, आणि तेच बीट खूप वेळ शिजवलं की तपकिरीकडे जातं. त्यामुळे बीट केकमध्ये, बिस्किटात रडवतं, पण आइस्क्रीम, फ्लेवर्ड योगर्ट, थंड मिल्कशेक यांत मस्त चालतं कारण तिथे रंग घातल्यावर जास्त तापवणं नाही, आंबटपणा बेताचा आणि थंडावा. नैसर्गिक रंग वापरलेलं स्ट्रॉबेरी आइस्क्रीम मिळालं तर लेबलवर १६२ आहे का बघा, बऱ्याचदा असतो. स्ट्रॉबेरीचा स्वतःचा रंग इतका नाजूक असतो की तिच्या नावाच्या पदार्थाला बीटची मदत घ्यावी लागते! बीटला मातीचा एक वास असतो, तोही प्रोसेसिंगमध्ये कमी करावा लागतो.

हिरव्याचं दुःख पालकाची भाजी करणाऱ्याला ठाऊक असतं. झाकण ठेवून शिजवली की हिरवागार पालक शेवाळी होतो. क्लोरोफिलच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, उष्णता आणि आम्ल मिळालं की ते निसटतं आणि हिरव्याचा ऑलिव्ह-तपकिरी होतो. यावर उपाय असा की मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसवायचं, ते घट्ट बसतं, हिरवा झगझगीत राहतो. त्याचा नंबर १४१. मूळ माल अल्फाल्फासारखा चारा, गवत, असंच काही, पण मधे केमिस्ट्रीचा हात लागलेला, तर याला नैसर्गिक म्हणायचं का यावर देशोदेशी वेगवेगळी मतं आहेत. माझ्या मते १४० आणि १४१ यांना एकाच ओळीत ‘नैसर्गिक’ म्हणणं वाचणाऱ्यावर अन्याय आहे, निदान वेगळं लिहावं.

आणि मग अँथोसायनिन, म्हणजे जांभूळ, कोकम, काळी द्राक्षं, लाल कोबी, गोकर्ण, सगळे या कुटुंबातले. यांचा रंग आंबटपणावर ठरतो. आंबट असेल तर लाल, कमी आंबट झालं की जांभळा, अल्कलीकडे गेलं की निळा, हिरवट. घरी करून बघायचं असेल तर लाल कोबी चिरून गरम पाण्यात घाला, जांभळं पाणी निघेल, ते दोन वाट्यांत घेऊन एकीत लिंबू पिळा आणि दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका, एक वाटी गुलाबी-लाल आणि दुसरी निळी. पोरांना दाखवायला याच्याइतका सोपा प्रयोग नाही. कोकमाचं सरबत लालभडक दिसतं कारण कोकम मुळातच खूप आंबट, म्हणजे रंगाला पाहिजे तेच वातावरण फळाने स्वतः दिलेलं. कोकणात घरगुती सरबताला वरून रंग लागत नाही तो यामुळे. पण तीच बाटली उजेडात, गरमीत बरेच महिने राहिली की लालाचा तपकिरी व्हायला लागतो, ते सरबत खराब झालंच असं नाही, अँथोसायनिन थकलेलं असतं. उलट महिनोन्‌महिने उन्हात ठेवूनही जे कोकम सरबत तसंच चेरीसारखं लाल राहतं त्याचं लेबल मी जास्त लक्ष देऊन वाचेन, १२२ किंवा १२४ सापडायची शक्यता असते.

कंपन्यांना जास्त टिकणारा अँथोसायनिन लागतो तेव्हा त्या काळ्या गाजराकडे जातात, उत्तर भारतात ज्याची कांजी करतात ते. त्यातल्या अँथोसायनिनच्या रेणूला जादाची शेपटी जोडलेली असते, त्यामुळे तो उष्णता आणि उजेड जरा जास्त सहन करतो. आणि एक गंमतीची गोष्ट, सरबतात व्हिटॅमिन सी घातलं की पौष्टिक म्हणून जाहिरात करता येते पण ते अँथोसायनिनला मारक, रंग लवकर जातो. म्हणजे फॉर्म्युला बनवणाऱ्याला दोन्हीपैकी एक निवडावं लागतं किंवा रंग जास्त घालावा लागतो.

निळा

पिवळा, केशरी, लाल यांचं कसंबसं जमतं, अडतं ते निळ्यावर. निसर्गात खाण्याजोगी निळी गोष्ट फार कमी, आणि जो निळा दिसतो तो आंबट लागताच लाल-जांभळा होतो. आता गोळ्या, जेली, कोल्ड्रिंक सगळं आंबट. निळा नाही म्हणजे चांगला हिरवा पण नाही, कारण बराचसा हिरवा पिवळ्यात निळा मिसळूनच करतात.

याची एक खरी गोष्ट अमेरिकेतली आहे. क्राफ्ट कंपनीच्या मॅकरोनी-चीजच्या डब्यात सिंथेटिक पिवळे होते, त्यांनी ते काढून पॅप्रिका (लाल मिरचीची पूड), अनाटो आणि हळद घातली, आणि आधी काही न सांगता २०१५ च्या शेवटी नवा माल दुकानात सोडला. पाच कोटींपेक्षा जास्त डबे विकले गेल्यावर २०१६ मध्ये त्यांनी सांगितलं, कारण बहुतेकांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच सुमारास जनरल मिल्सने ट्रिक्स नावाच्या, मुलं नाश्त्याला दुधात घालून खातात त्या रंगीबेरंगी सीरियलमधले सिंथेटिक रंग काढून मुळा, जांभळं गाजर, हळद असे रंग आणले, तर निळा आणि हिरवा जमलाच नाही, ते गोळे यादीतून गेले आणि बाकीचे फिके दिसायला लागले. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की २०१७ मध्ये कंपनीने जुना सिंथेटिक रंगांचा ट्रिक्स परत बाजारात आणला. दोघांचा हेतू सारखाच होता, फरक एवढाच की एकाला पिवळा हवा होता आणि दुसऱ्याला इंद्रधनुष्य.

ब्रिटनमध्ये नेस्लेने स्मार्टीजमधली निळी गोळी २००६ मध्ये बंद केली होती, २००८ मध्ये ती परत आली ती स्पिरुलिनाच्या निळ्यावर. स्पिरुलिना ही धड वनस्पती नाही, पाण्यात वाढणारे सूक्ष्म हिरवे-निळे जीव. तिचा निळा म्हणजे फायकोसायनिन नावाचं प्रोटीन, आणि प्रोटीन असल्यामुळे तापवलं की बिघडतं, आंबटात साका धरतो. म्हणून गोळीवरच्या साखरेच्या कोटिंगला चालतं, उकळणाऱ्या पाकाला नाही. अमेरिकेत गोळ्या आणि च्युइंगमसाठी त्याला २०१३ मध्ये परवानगी मिळाली. मग २०२१ मध्ये गोकर्णाच्या फुलाच्या अर्काला मिळाली, आपल्या अंगणातल्या वेलाचं तेच निळं फूल, गरम पाण्यात टाकलं की निळा चहा आणि लिंबू पिळलं की जांभळा. २०२५ मध्ये गार्डेनियाच्या फळापासून केलेल्या निळ्याला परवानगी मिळाली, हा जपानमध्ये आधीपासून वापरात होता. यात गंमत अशी की गार्डेनियाच्या फळात निळा नसतोच, फळातल्या एका पदार्थाची प्रोटीनशी किंवा अमिनो आम्लाशी गाठ पडली की मग निळा तयार होतो.

या सगळ्याला आता घाई आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रेड ३, म्हणजे आपला १२७ एरिथ्रोसिन, खाण्यातून काढायचा आदेश दिला, कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. एप्रिल २०२५ मध्ये बाकीचे पेट्रोलियमवाले रंगही हळूहळू बंद करण्याचा इरादा तिथल्या सरकारने जाहीर केला. युरोपात आधीपासूनच, जुलै २०१० पासून, सहा सिंथेटिक रंग वापरले तर लेबलवर लिहावं लागतं की मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष देण्यावर याचा वाईट परिणाम होऊ शकतो. त्यामागे ब्रिटनमधल्या साउदम्प्टनचा २००७ चा अभ्यास होता, ३ वर्षांची आणि ८-९ वर्षांची मिळून जवळपास ३०० मुलं त्यात होती. त्या अभ्यासात रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकवायचं केमिकल) एकत्र दिलेलं, त्यामुळे नेमका कुठला रंग हे त्यातून सांगता येत नाही आणि परिणामही सगळ्या मुलांमध्ये सारखा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. त्या सहापैकी टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर आपल्याकडे चालतात, आणि आपल्या पाकिटांवर अशी सूचना नसते. ती असावी असं मला मनापासून वाटतं, विशेषतः जे मुलांसाठीच विकलं जातं त्याच्यावर.

मग नैसर्गिक म्हणजे निर्धास्त?

नाही, असं सरसकट म्हणता येत नाही, आणि इथेच लेबल वाचताना जास्त फसायला होतं.

कोला ड्रिंकच्या बाटलीवर बघा, आपल्याकडे ‘परमिटेड नॅचरल कलर १५०डी’ असं लिहिलेलं असतं. १५० म्हणजे कॅरामल, साखर जाळून केलेला तपकिरी, आणि त्याचे चार प्रकार. १५०ए म्हणजे जवळपास आपण घरी पाक करपवतो तसा, बाकी तीन प्रकारांत अमोनिया किंवा सल्फाइट किंवा दोन्ही वापरून साखर तापवतात. १५०डी मध्ये दोन्ही असतात, कारण असा रंग कोल्यातल्या फॉस्फोरिक आम्लात खाली न बसता टिकतो. अमोनियावाल्या कॅरामलमध्ये ४-एमईआय नावाचा पदार्थ थोड्या प्रमाणात तयार होतो, त्याला २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ‘कदाचित कॅन्सरकारक’ या गटात टाकलं आणि कॅलिफोर्नियाने त्याची दिवसाची मर्यादा २९ मायक्रोग्रॅम ठरवून त्यावर असेल तर इशारा छापायला लावला. त्यानंतर मोठ्या कोला कंपन्यांनी आपल्या कॅरामलमधलं ४-एमईआय कमी करून घेतलं. ‘कदाचित’ हा शब्द सोडू नका, एक ग्लास कोला प्यायला म्हणून काही होत नाही आणि त्यातल्या साखरेची काळजी याच्या कितीतरी आधी करायला हवी. पण झाडाच्या रसासारखा ‘नैसर्गिक’ म्हणून हा रंग खपवणं मला पटत नाही.

दुसरा १२०, कार्मिन. हा पण नैसर्गिक, पण वनस्पती नाही. दक्षिण अमेरिकेत निवडुंगावर वाढणारे कोचिनील नावाचे किडे सुकवून त्यांच्यातून हा लाल काढतात. टिकायला एकदम पक्का, म्हणून परदेशी गोळ्या, योगर्ट, सॉसेजमध्ये दिसतो. २०१२ मध्ये स्टारबक्सने अमेरिकेत आपल्या काही पेयांत आणि केकमध्ये हा वापरल्याचं कळल्यावर शाकाहारी लोक नाराज झाले आणि कंपनी तो काढून टोमॅटोतल्या लायकोपीनवर गेली. परदेशात राहणाऱ्या शाकाहारी मराठी लोकांनी ई१२० हा नंबर पाठच करून ठेवावा, कारण तिथे पाकिटावर आपल्यासारखी हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण अशी खूण नसते.

आणि अस्सल वनस्पतीच्या रंगांनाही मर्यादा आहेत. अनाटोने काही लोकांना पित्त उठल्याच्या, क्वचित कोणाला गंभीर अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये बिक्सिनची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे ६ मिलिग्रॅम ठरवली आणि नॉरबिक्सिनची फक्त ०.३. म्हणजे एकाच बीचे दोन रंग आणि मर्यादेत २० पटीचा फरक. कर्क्युमिनची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला रोज ६० मिलिग्रॅमपर्यंत. बीटच्या रंगाला मात्र अशी आकड्यातली मर्यादा घालायची गरज तज्ज्ञांना वाटली नाही. रोजच्या खाण्यात आपण या मर्यादांच्या बरेच खाली असतो, घाबरण्यासारखं काही नाही, पण मर्यादा ठरवायला लागते यावरूनच कळावं की ‘झाडाचं आहे ना, मग कितीही’ हे चुकीचं आहे. सिंथेटिक रंगांनाही आपल्याकडे बहुतेक पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

सगळ्यात जास्त धोका मात्र लेबलवर लिहिलेल्या रंगात नाहीच, न सांगता घातलेल्या रंगात आहे, आणि तो सुट्ट्या मालात जास्त, जिथे लेबलच नसतं. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये वूस्टर सॉसमधल्या मिरची पावडरमध्ये सुदान १ नावाचा कारखान्यातला रंग सापडला आणि ४०० च्या वर पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले, ती मिरची पावडर भारतातून गेलेली होती. २०२४ च्या सुरुवातीला तमिळनाडूने आणि मग कर्नाटकने म्हातारीच्या कापसातल्या (कॉटन कँडीतल्या) रोडामाइन बी वर बंदी आणली, कर्नाटकात गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंगही त्यात होते. रोडामाइन बी हा कापड-कागद रंगवायचा रंग, खाण्यात त्याला कुठेच जागा नाही. जत्रेतला झगझगीत गुलाबी कापूस किंवा पाण्यात टाकल्याबरोबर पिवळाधमक रंग सोडणारी डाळ यांच्या तुलनेत, ज्याच्यावर ११० नंबर छापलाय ते पाकीट निदान आपल्याला सांगतंय तरी की आत काय आहे.

तेव्हा दुकानात काय करायचं. पुढच्या बाजूचं ‘नॅचरल’, पानांचं चित्र, हिरवा रंग हे सगळं सोडा, मागे वळवा आणि रंगाची ओळ शोधा. फक्त १००, १६२, १६३ किंवा १६० आणि १६१ मालिकेतले नंबर असतील तर बहुधा वनस्पतीतून आलेला रंग, १६०ए मात्र कारखान्यात बनवलेलं कॅरोटीनही असू शकतं, रेणू तोच. १४१ आणि १५०सी-डी दिसले तर मधे बरीच केमिस्ट्री झालीय हे समजून घ्या. नंबर न देता ‘बीट ज्यूस कॉन्सन्ट्रेट’ किंवा ‘काळ्या गाजराचा कॉन्सन्ट्रेट’ असं लिहिलं असेल तर ती भाजी आटवून घातलेली, युरोपात तर अशांना रंग न म्हणता खाद्यपदार्थच मानतात. आणि ज्या नैसर्गिक रंगाच्या पदार्थाची शेड एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये थोडी बदलते त्याला लगेच नावं ठेवू नका, आपण गिऱ्हाईक म्हणून थोडा फिकेपणा चालवून घेतला तरच कंपन्या ट्रिक्ससारख्या मागे फिरणार नाहीत.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर मुलाला अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले तर पाकीट टाकू नका, रंगाचे नंबर आणि बॅच नंबर यांचा फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना तोच दाखवा, ‘काहीतरी लाल गोळी खाल्ली’ यावरून त्यांना काहीच कळत नाही. श्वासाला त्रास होत असेल तर फोटोत वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल. लेबलवर लिहिलेलं आणि आतलं जुळत नाहीये असं वाटलं तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार करता येते, तिथेही तोच फोटो लागतो.